ओपालवरचे बुधवार

१८ फेब्रुवारी, सोमवार

दहा वाजता तूलों बंदराचा धक्का सोडला. सिल्वी आली नव्हती.

लग्नाच्या एकवीस वर्षांत पहिल्यांदाच असं झालं. आमची मुलगी क्लेमांस आली होती, शाळा बुडवून. पपा आले होते. त्यांनी गालाला गाल लावायच्या आधी वारा सांगितला, "वायव्येचा आहे, दुपारून वाढेल." हे त्यांचं आयुष्यभराचं आहे. फोन उचलला तरी आधी वारा, मग माणसं. जन्मभर गोदीत फिटर होते, शिडाच्या होडीत कधी पाय ठेवला नाही, पण वारा पाहिजेच.

"सिल्वी कुठंय?" मी विचारलं.

"बाजारात. गिऱ्हाईक आहे म्हणाली."

कूर लाफायेतचा बाजार सोमवारी बंद असतो. तिथे तिचा फुलांचा गाळा आहे, त्यामुळे हे पपांना माहीत, मला माहीत, क्लेमांसला तर माहीतच. तिघंही बुटांकडे बघत उभे राहिलो.

झालं ते असं. निघायच्या आधी प्रत्येकाला एक कागद भरून द्यावा लागतो. तुम्ही पाण्याखाली असताना घरी काही वाईट घडलं तर कळवायचं की नाही? होय किंवा नाही, एक खूण करायची. मी दर वेळी डोळे मिटून 'नाही'वर खूण करतो, आणि कागद स्वयंपाकघरातच भरतो, त्यात काय लपवायचंय. ह्या वेळी सिल्वी मागे उभी होती.

"ह्या खेपेला 'होय' कर," ती म्हणाली.

"का?"

"मला काही झालं तर तुला कळायला नको?"

महिनाभर तिचं डोकं दुखतंय. डॉक्टरने तपासणी सांगितली आहे. डोकं कोणाचं दुखत नाही? मी म्हटलं, "तुला काय धाड भरलीय! तू मला पुरून उरशील." आणि केली खूण. 'नाही'वर. तिने हातातलं फडकं माझ्या अंगावर फेकलं, आतल्या खोलीत गेली. तीन दिवस घरात फक्त दारं बोलत होती.

असो. येईल ताळ्यावर. येते नेहमी.

२१ फेब्रुवारी

कुठे आहोत ते लिहायची बंदी आहे. खोल आहोत, एवढं पुरे.

आमच्या ह्या पाणबुडीची, ओपालची, ही शेवटची फेरी. तेहतिसावं वर्ष चालू आहे तिचं. परतलो की आधी अणुभट्टी थंड करतील, मग एकेक नळी उपटतील. तिच्यावर मी एकोणीस वर्षं काढली. सध्याच्या सत्तर माणसांत सगळ्यात जुना मीच, ह्या संदेशखोलीत बसून केस पांढरे केलेला. माझ्याआधी पपांनी दोनदा तिच्या मोठ्या दुरुस्तीत काम केलं होतं. बॅटऱ्यांच्या खोलीत एका कडेला त्यांनी आपली आद्याक्षरं कोरून ठेवलीत. मी कधीमधी जाऊन हात लावून येतो, कोणी बघत नसेल तर.

सेवेतून निघणारं जहाज शेवटचं बंदरात येतं तेव्हा डोलकाठीवर लांबच लांब निशाण लावायची रीत आहे. आमच्या लोकांनी ठरवलंय, वर्षाला एक मीटर, म्हणजे तेहतीस मीटर. कापड बरोबर आणलंय. शिवायचं काम गिल्दासकडे. गिल्दास ल फ्लॉक, इंजिनखोलीतला ब्रेटन, पश्चिम किनाऱ्यावरचा. हात झाऱ्यासारखे, टाका मात्र मुंगीसारखा. आणि पाशाने, म्हणजे आमच्या कमांडर व्हेर्देलनी, हुकूम सोडलाय की प्रत्येक मीटरच्या कडेला त्या त्या वर्षी काय झालं ते ओदिबेरने, म्हणजे मी, शाईने लिहायचं.

"तुम्ही आमचे इतिहासकार," म्हणाले.

१९८७: पहिली बुडी. इतपत सोपं आहे. पुढे बहुतेक वर्षांचं खरं लिहायला मनाई. तिथे मी 'मासे पाहिले' असं लिहितोय.

२७ फेब्रुवारी, बुधवार

आज निरोपांचा दिवस. आठवड्यातून एकदा, घरून चाळीस शब्द. येतात, जात नाहीत. आम्ही इथून चकार शब्द पाठवू शकत नाही, पाठवला तर सगळ्या समुद्राला कळेल आम्ही कुठे आहोत. निरोपावर पाठवणाऱ्याचं नाव नसतं, वरती 'घर' आणि ज्याचा त्याचा क्रमांक. किनाऱ्यावर कोणीतरी ते वाचून, नको ते गाळून पाठवतं. इथे माझ्या यंत्रातून कागदावर उतरतात, आणि मी टपालवाल्यासारखा वाटत फिरतो. त्या दिवशी माझ्याइतका लाडका माणूस बोटीवर नसतो.

सिल्वीचा निरोप बावीस शब्दांचा. पाणी गरम करायचा बंब दुरुस्त झाला. क्लेमांसला सर्दी आहे. तपासणी सोमवारी आहे. संपलं.

चावी नाही.

ही आमची खूण आहे. नवीन लग्न झालं तेव्हा मी वेळी-अवेळी परतायचो, म्हणून ती जिरॅनियमच्या कुंडीखाली चावी ठेवून बाजारात जायची. तेव्हापासून तिचा प्रत्येक निरोप 'चावी कुंडीखाली' असा संपतो. आणि बाई इतकं लिहिते की दर वेळी चाळीसच्या पुढे जाते आणि शेवट कापला जातो. मग पुढच्या खेपेला कापणाऱ्याला शिव्या आणि सुरुवातीलाच चावी. आज जागा होती अठरा शब्दांची. तरी नाही.

म्हणजे राग अजून आहे.

६ मार्च, बुधवार

आज दोन गोष्टी झाल्या. नीट लिहितो, नाहीतर डोक्यात कालवण होईल.

आधी माझं. सिल्वीचा निरोप जसाच्या तसा:

"सोमवारी दवाखान्यात गेले होते, अजून दोन तपासण्या सांगितल्या, घाबरू नकोस. मिमोझा संपला, आता ट्युलिप विकतेय. क्लेमांसला गणितात वीसपैकी चौदा मिळाले, आनंदात आहे. पपा रोज येतात, कॉफीला नावं ठेवतात आणि दोन कप पितात. आणि त्या दिवशीच्या भांडणाचं म्हणशील तर, फाब्रिस, मी"

इथे कापला. चाळीस झाले. मी बोटांनी तीनदा मोजले. अरे, मी काय? मी माफ केलं? मी विसरणार नाही? मी आईकडे चालले? देवा, बत्तीस शब्द ट्युलिप आणि कॉफीवर उधळले बाईने, आणि नेमकं तिथे कात्री!

दुसरं. गिल्दासच्या बहिणीचा निरोप. आधी गाईबद्दल काहीतरी, मग: "पाद्रींनी आईबद्दल फार छान सांगितलं. चर्च भरलं होतं. तू असायला हवा होतास." किनाऱ्यावर वाचणाऱ्याची नजर चुकली असणार. गिल्दासने कागदावर 'नाही'वर खूण केली आहे. मला माहीत आहे, माझ्या शेजारीच बसून केली होती. वर म्हणाला होता, "कळून करणार काय? पोहत जाणार?"

मी कागद घडी करून पाशाच्या खोलीत नेला. त्यांनी वाचला. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही काय वाचलंत, ओदिबेर?"

"काही नाही, कमांडर."

"छान. ल फ्लॉकला सांगा, यंत्रात गडबड झाली, त्याचा निरोप आला नाही. परतायच्या दिवशी मी स्वतः सांगेन. तोवर हे तुम्ही, मी आणि नर्स, तिघांतच."

बाहेर आलो तर गिल्दास दारातच हात पुढे करून उभा. "माझा?"

"गडबड झाली रे. अर्ध्या जणांचे गेले."

"हात तुझ्या! बाकी तुम्हा तूलोंवाल्यांच्या हातात यंत्र म्हणजे माकडाच्या हातात कोलीत," म्हणाला आणि हसत गेला.

७ मार्च

माझा आणि गिल्दासचा बिछाना एकच. जागा कमी, म्हणून तो कामाला उठला की मी पडतो. पडलो तेव्हा उशी त्याच्या अंगाने गरम होती. वरच्या पत्र्यावर त्याने आईचा फोटो चिकटवलाय. दुआर्नने गावची म्हातारी, हातात लोण्याचा केक, डोळे मिचकावलेले. ही परतीच्या दिवशी धक्क्यावर यायची आहे. आयुष्यात पहिल्यांदा तूलोंला, आगगाडीने, लेकाने शिवलेलं निशाण बघायला.

डोळा लागला नाही.

सिल्वीचा 'मी' पण डोक्यात ठोके देतोय.

१० मार्च, रविवार

सकाळी पाशासाठी खास संदेश आला. असे संदेश माझ्यासाठी नुसते आकडे असतात, त्यांची किल्ली फक्त त्यांच्याकडे. नेऊन दिला. अर्ध्या तासाने काही विचारायला गेलो तर ते तसेच बसलेले, कागद उपडा ठेवलेला. माझ्याकडे इतका वेळ पाहत राहिले की मी गालाला साबण राहिलाय की काय म्हणून हात फिरवला.

"काही वाईट, कमांडर?"

"बसा ना, ओदिबेर. कॉफी घेणार?"

पाशाने संदेशखोलीच्या माणसाला स्वतःच्या हाताने कॉफी ओतली! एकोणीस वर्षांत चार पाशा पाहिले, हे कोणी केलं नव्हतं. गिल्दासबद्दल काही बोललो नाही ना, हे बघायला बसवलं असणार. मी सरळ सांगितलं, "माझ्या तोंडून एक अक्षर गेलेलं नाही." ते म्हणाले, "मला माहीत आहे." मग विचारलं की घरी कोण कोण असतं. सिल्वी, क्लेमांस, खालच्या मजल्यावर पपा. वडिलांचं आणि मुलीचं पटतं का? पटतं की, आजोबांची लाडकी आहे. बरं बरं, म्हणाले.

दुपारी कळलं की एका परक्या जहाजाच्या मागावर जायचंय. तेच असणार संदेशात. उगाच घाबरलो.

१४ मार्च

चार दिवस चिडीचूप. ते जहाज वर, आम्ही खाली, त्याच्या सावलीसारखे. चपला काढून फिरतो. स्वयंपाकी भांडी कपड्यात गुंडाळून ठेवतो. पावाचं यंत्र बंद, त्यामुळे बिस्किटं. काल कोणाच्या हातून चमचा पडला, तर सत्तर माणसं जागच्या जागी थिजली.

वर येऊन कान उघडता येत नाहीत, म्हणून बुधवारचे निरोप नाहीत. सगळे चिडलेत. मी तर सारखा तो कागद काढतो, 'फाब्रिस, मी' वाचतो आणि परत खिशात. घडीवर फाटायला आलाय.

नर्सने मला बोलावून रक्तदाब पाहिला. ठीक आहे म्हणाला. आज परत बोलावलं. परत ठीक. "झोप लागते का?" विचारतो. मी म्हटलं, "गिल्दासचा बघा." तर म्हणाला, "त्याचाही बघतो." मी ह्या गुपिताने वाकेन अशी दोघांना भीती आहे, दुसरं काय.

आणि खरं म्हणजे वाकतोय. आज जेवताना गिल्दास खुणांनीच सांगत होता, आईच्या केकमध्ये किती लोणी, हाताने केवढा गोळा दाखवला, आणि सगळे आवाज न करता हसत होते. मी माझी साखर त्याच्याकडे सरकवली. दुसरं काय करणार होतो? मी त्याच्या जागी असतो, माझ्याशी असं कोणी वागलं असतं, तर मी ते नाटक पहिल्या दिवशी ओळखलं असतं. हा बैल ओळखत नाही.

१९ मार्च

सुटलो. ते जहाज गेलं आपल्या वाटेने. ताजा पाव मिळाला. साठलेले निरोप उतरवून घेतले.

सिल्वीचा आला. लिहून ठेवतो:

"तीन दिवस मिस्त्राल, मग पूर्वेचा वारा. क्लेमांस बरी आहे, जेवते. बाल्कनीच्या नळाचा वायसर बदलला, आता गळत नाही. बाजारात आर्टिचोक आले. पपा बरे. तू काम नीट कर. इकडची काळजी नको. आम्ही आहोत."

चाळीसच्या आतच. कापायची वेळच आली नाही. भांडणाचं नाव नाही, तपासणीचं नाव नाही. चावी तर नाहीच.

बरं, हे काय पत्र झालं? वारा! सिल्वीला वारा कधीपासून कळायला लागला? पपा रोज कॉफीला येतात, त्यांची लागण झाली. आणि नळाचा वायसर म्हणे. दोन वर्षं त्या नळावरून माझा उद्धार करत होती, आता बदलला म्हणून सुनावतेय: बघ, तुझ्यावाचून अडत नाही. 'क्लेमांस जेवते'. सतरा वर्षांची मुलगी जेवते, ही काय बातमी आहे? शब्द भरायचे म्हणून भरलेत.

एवढा थंडपणा तिच्यात नव्हता. फडकं फेकणारी बाई परवडली.

२१ मार्च

पाशा दोन दिवसांआड संदेशखोलीत येऊन बसतात. निशाणाचं कसं चाललंय विचारतात. १९९४ पर्यंत पोचलो, म्हटलं, वडिलांनी झडपा बदलल्या ते वर्ष. म्हणाले, "वडिलांचं नाव लिहा." आरमाराच्या निशाणावर फिटरचं नाव! लिहिलं. पपा वाचतील तेव्हा आधी वारा सांगतील, मग रडतील.

२७ मार्च, बुधवार

"वारा नाही, आकाश स्वच्छ. क्लेमांस पपांकडे राहते सध्या, तिथे अभ्यासाला शांत. वरचं घर झाडून ठेवलंय. गाळा शेजारच्या बाईंनी सांभाळलाय. जिरॅनियमला पाणी घालतो आम्ही. तू वेळेवर जेव."

आता माझी खात्री झाली. बाई घर सोडतेय.

मुलगी खाली पाठवली. गाळा दुसरीला दिला, जो गाळा तिने बाळंतपणातही दहाव्या दिवशी उघडला होता. घर झाडून ठेवलं. परतेन तेव्हा कपाट रिकामं असेल आणि टेबलावर चिठ्ठी. एका खुणेपायी! 'नाही'च्या ऐवजी 'होय' केलं असतं तर माझं काय जात होतं? तिला तेवढंच पाहिजे होतं, की तिचं काही झालं तर मला कळावंसं वाटतंय. आणि मी म्हटलं, पुरून उरशील.

मला तिला एक शब्द पाठवता येत नाही. चाळीस नको, एक.

३१ मार्च, रविवार

आज गिल्दासला सांगणारच होतो. तो शिवत बसला होता, मी लिहीत होतो, मध्ये ते लांबलचक कापड. म्हणाला, "म्हाताऱ्या, तुझं तोंड महिनाभर असं का? बायकोने हाकललं?"

"बहुतेक."

त्याने सुई थांबवली. "खरं?"

सगळं सांगितलं. खूण, फडकं, कापलेला निरोप, वारा, वायसर. त्याने सगळे कागद मागून घेऊन वाचले. दोनदा वाचले. मग कपाळाला आठ्या घातल्या.

"हे शेवटचे दोन तुझ्या बायकोसारखे वाटत नाहीत रे," म्हणाला.

"तेच तर! रागावलीय म्हणून."

त्याने कागद घडी करून मला परत दिले. माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "ये, माझ्या आईच्या केकचा मोठा तुकडा तुला." त्यावर मी कसं सांगणार? लिहीत राहिलो. २०११: मासे पाहिले.

नंतर त्याला नर्सच्या खोलीत जाताना पाहिलं. बाहेर आला तो माझ्याकडे न बघता गेला. तेव्हापासून त्याचं दुसरंच चाललंय. जेवताना आपली साखर माझ्याकडे सरकवतो. मी माझी त्याच्याकडे. दोघांची साखर टेबलाच्या मध्ये.

३ एप्रिल, बुधवार

"दक्षिणेचा वारा, दमट. सोमवारी मी धक्क्यावर असेन. क्लेमांसही. निशाण बघायचंय. जेवणाला काद आणू गरम. हळू ये."

मी धक्क्यावर असेन! तीनदा वाचलं. येणार म्हणजे येणार. आणि काद! बाजारातल्या त्या भट्टीची, चण्याच्या पिठाची, वरून मिरी टाकून, परतल्या दिवशी आम्ही दर वेळी तीच खातो. म्हणजे एवढं काही बिघडलेलं नाही. चावी नसू दे. तोंडाने सांगेल. मी धक्क्यावरच सगळ्यांसमोर माफी मागणार आहे, गुडघे टेकून. हसले लोक तर हसू देत.

७ एप्रिल, रविवार

निशाण झालं. शेवटच्या मीटरवर पाशाला विचारलं, ह्या वर्षी काय लिहू? ते म्हणाले, तुम्हाला वाटेल ते. मी लिहिलं: २०१९, सगळे सुखरूप परतलो.

त्यांनी वाचलं, आणि शाई वाळेपर्यंत कापडाची कडा धरून ठेवली.

उद्या पहाटे वर येणार. म्हणाले, "ल फ्लॉकला आठ वाजता माझ्याकडे घेऊन या. आणि तुम्हीही थांबा."

बिचारा. मी त्याच्याजवळ असावं म्हणून म्हणाले असतील. दाढी करून ठेवलीय. खिशात दोन रुमाल ठेवलेत, एक त्याच्यासाठी.

१३ एप्रिल, शनिवार, घरी

पाच दिवसांनी लिहितोय. लिहिलं नाही तर ते माझ्या हातून अर्धवट राहील.

सोमवारी आठ वाजता गिल्दासला घेऊन गेलो. टेबलावर तीन कप होते. पाशाने आधी गिल्दासला सांगितलं. सरळ सांगितलं, तारीख, कारण, झोपेत गेल्या, बहिणीने सगळं नीट केलं. गिल्दास उभ्याचा बसला. झाऱ्यासारखे हात तोंडावर. मी रुमाल काढला. खांद्यावर हात ठेवला. वाटलं, संपलं एकदाचं, आता तरी मी खोटं बोलायचं थांबणार.

मग पाशा म्हणाले, "फाब्रिस, बसा."

एकोणीस वर्षांत कोणा पाशाने मला नावाने हाक मारली नव्हती. मी म्हटलं, "मी ठीक आहे, कमांडर, मी उभाच..." आणि तेव्हा गिल्दासने, स्वतःची आई गेल्याचं नुकतंच कळलेल्या माणसाने, माझा हात घट्ट धरून मला खाली ओढलं. त्याला माहीत होतं. कागद वाचून त्याला शंका आली, नर्सने नाही म्हटलं नाही. आठवडाभर तो माझं सांभाळत होता, मी त्याचं.

९ मार्च. शनिवार. बाजारात, गाळ्यावर, ट्युलिपच्या बादल्यांमध्ये. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली. दवाखान्यात पोचेपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी पाशाने मला कॉफी ओतली. चौदाला पुरलं. त्या दिवशी मी बिस्किटं खात होतो आणि गिल्दासला बैल म्हणत होतो.

'नाही'वर खूण माझीच होती. कोणाला काय बोलू?

दुसरा रुमाल माझ्यासाठी लागला.

निशाण वर चढलं. तेहतीस मीटर, वाऱ्यावर पार शेपटीच्या मागे. धक्क्यावर बँड, पोरं, फुलं. दुरूनच पपा दिसले, उन्हात काळ्या कोटात, हातात काद गुंडाळलेला कागद. क्लेमांस त्यांच्या दंडाला धरून. ती इतकी बारीक झाली आहे की मला कळलं 'जेवते' का लिहिलं होतं.

मी उतरलो. पपांनी वारा सांगितला नाही.

"मीच लिहिले रे," म्हणाले. "तू खाली समुद्रात, काहीच आलं नाही तर घाबरशील. वाटलं, तिच्यासारखं लिहू. चार-चार दिवस बसायचो. मला वाऱ्याशिवाय काही सुचेना."

"आजोबांनी खोटं एकही लिहिलं नाही," क्लेमांस म्हणाली. "माझ्याकडून तपासून घ्यायचे. 'आई' हा शब्द कुठे आला नाही ना, तेवढं बघ म्हणायचे."

मी म्हाताऱ्याला धरलं. गरम काद आमच्या दोघांच्या मध्ये चेंगरली. त्याच्या दाढीला कादचाच वास येत होता, चण्याचा आणि मिरीचा.

गिल्दास मागून उतरला. त्याची बहीण आली होती, डब्यात केक घेऊन. आईच्या हातचा नव्हता, पण होता. त्याने पहिला तुकडा मोडून मला दिला. म्हणाला, "बोललो होतो ना." आणि गेला, पाठमोराच हुंदके देत.

गाडीत पपांनी खिशातून एक कागद काढला. फुलं गुंडाळायचा, गुलाबी. सिल्वी निरोप त्याच्यावरच लिहायची, प्रत्येक शब्दावर टिंब देत मोजायची, आणि तरी चाळीसच्या पुढे जायची. "तिच्या पिशवीत होता," ते म्हणाले. "मी वाचला. वाचायला नको होता."

ट्युलिप, गणितात चौदा, कॉफी, सगळं तेच. चाळिसावं टिंब 'मी'वर. आणि टिंबं संपल्यावर, बिनमोजणीचं:

"तेव्हाच विसरले होते, फडकं उचलायच्या आधी. सोमवारी बाजार बंद असतो हे मला आठवलं तोवर तू गेला होतास. पळत आले, पण ओपालची शेपटीच दिसली. चावी कुंडीखाली."

घरी पोचलो. जिन्यावर क्लेमांसने खिशातून चावी काढली. मी म्हटलं, थांब.

जिरॅनियम बाहेरच होतं. पपांनी पाणी घातलेलं, नवीन दोन कळ्या आलेल्या. पाणी घालताना त्यांनी कुंडी कधी उचलली नसणार, तो कागद वाचूनही. मी उचलली. खाली ओली माती, एक गोगलगाय, आणि चावी. शनिवारी बाजारात जाताना ठेवलेली, मी महिनाभर येणार नाही हे माहीत असून.

क्लेमांस म्हणाली, "बाबा, माझ्याकडे आहे ना."

"असू दे," मी म्हटलं, आणि मातीने माखलेली चावी पँटला पुसून दार उघडलं.